न उतरलेलं हेलिकॉप्टर

आवाजाच्या बाबतीत मी भांडखोर बाई आहे. वरातीत डीजे लागला की मी नवरदेवाच्या मामाला गाठून भांडते. दवाखान्यात कुणा नातेवाइकानं मोबाईलवर मोठ्यानं बातम्या लावल्या असतील, तर ‘सिस्टर आल्या’ एवढं कुणी पुटपुटलं तरी वॉर्डातले सगळे फोन गप्प होतात. नर्सच्या नोकरीत पाय गेले, कंबर गेली, कान मात्र शाबूत राहिले. माझी मुलं म्हणतात, आईला शेजारच्या घरातला कुकर कितव्या शिट्टीवर आहे तेसुद्धा कळतं. कळतं, खोटं कशाला सांगू?

यंदा मे महिन्यात चार दिवस माहेरी गेले होते. इंदापूर तालुक्यात, लोणी देवकरच्या अलीकडं माळाला आमचं घर. सकाळी साडेसातला डोक्यावर एक आवाज सुरू झाला. बारीक, चिकट, न थांबणारा. मी अंथरुणातून उठले आणि एक खिडकी लावली, दुसरी लावली, दार ओढून घेतलं. मग अंधारात उभी राहून ऐकू लागले. मेच्या महिन्यात, पत्र्याच्या घरात, सगळं बंद करून. आपण काय करतोय हे कळायला मला चांगला मिनिटभर वेळ लागला.

बाहेरून आईचा आवाज आला, “उघड गं ती खिडकी. जीव घ्याचाय का कुणाचा?”

तो ड्रोन होता. शेजारच्या उसावर औषध मारत होता. बांधावर शेजारच्या बबनरावांची सून डोक्याला टोपी आणि हातात रिमोट घेऊन उभी होती. चुणचुणीत पोरगी. मी जवळ गेले तर तिनं ड्रोन खाली घेतला आणि माझ्या कपाळावरच्या आठ्या पाहून मोबाईल पुढं केला. आवाज किती आहे ते दाखवणारा एक काटा त्यात होता. ड्रोन वर गेला की काटा हले, जवळ आला की उसळे.

“आत्या, बघा की. लय न्हाय आवाज. ट्रॅक्टरपरास कमीच हाय.”

“आणि हेलिकॉप्टर उतरलं तर गं?”

ती हसली. “मग काटा ऱ्हातूय व्हय जागेवर!”

तिला काय माहीत! ती तेव्हा जन्मलीही नव्हती. पण तिच्या सासऱ्यांना माहीत होतं, माझ्या आईला माहीत होतं आणि मला तर त्या काट्याच्या आधीपासून माहीत होतं. त्या उन्हाळ्यात हेलिकॉप्टर किती मोठ्यानं वाजतं हे मोजायला आमच्याकडं दोन हजार कोंबड्या होत्या.

नव्वदच्या दशकातला निवडणुकीचा एक उन्हाळा. मी बारावी होऊन एक वर्ष घरात बसले होते. ‘बसले होते’ हे अगदी शब्दशः. माझं काम शेडमध्ये बसण्याचंच होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. घराला जोड म्हणून त्यांनी घरामागं कोंबड्यांची लांबलचक शेड उभी केली होती. वर पत्रा, दोन्ही अंगाला तारेची जाळी, जाळीवर वर गुंडाळून ठेवलेले पोत्यांचे पडदे आणि खाली तुसाचा मऊ थर. पेटाऱ्यातून चिवचिवत आलेली पिल्लं सहा-सात आठवड्यांत भरून यायची, मग टेम्पो यायचा आणि शेड रिकामी व्हायची. एका खेपेला आम्ही बॅच म्हणायचो.

या धंद्याचा एक नियम बाहेरच्यांना वेडेपणा वाटतो. पिल्लं आली त्या दिवशी त्यांच्यात वावरणाऱ्याच्या अंगावर जो रंग असेल, तोच शेवटच्या दिवसापर्यंत ठेवायचा. माणूस तेच, रंग तोच, हाळी तीच. कोंबडीला नवं काही खपत नाही. नवा रंग दिसला, भांडं पडलं, घार ओरडली की ती बिथरते. आणि बिथरलेली कोंबडी लांब पळत नाही, कोपरा धरते. एकीमागं दुसरी, दुसरीवर तिसरी, असा ढीग होतो आणि खालच्या गुदमरून मरतात. बाहेरून कुणीही आत आलेलं नसतं. कोंबडीला कोंबडीची भीतीच मारते.

त्या बॅचला माझ्या अंगावर हिरवा पंजाबी ड्रेस होता. म्हणून रोज हिरवा. रात्री धुवायचा, सकाळी ओलसर असला तरी तोच घालायचा. मैत्रिणी म्हणायच्या, सुनीला आता झाडं ओळख दाखवतील. सुनी म्हणजे मी, सुनंदा. मी हसण्यावारी न्यायचे, पण त्या ड्रेसचा मला मनापासून संताप यायचा.

बसून बसून माझे कान मात्र तयार झाले. भरल्या शेडला स्वतःचा एक आवाज असतो. पाणी संपत आलं की तो वर चढतो, खाद्य पडलं की एकदम टकटक होते, पोटं भरली की गुरगुरत खाली बसतो. मी डोळे मिटून सांगायचे, पलीकडच्या टोकाचं भांडं कोरडं आहे. आई जाऊन बघायची आणि ते कोरडंच असायचं. ती कौतुकानं म्हणायची, “हिच्या कानात शेड हाय.” मला ते कौतुक नको होतं. मला शेडमधून बाहेर पडायचं होतं.

बाहेर पडायची वाट एकच होती. पुण्याला नर्सिंगच्या कोर्ससाठी मी अर्ज केला होता. गेल्या वर्षी बोलावणं आलं नव्हतं. यंदा आलं तर ठीक, नाहीतर फलटणहून एक स्थळ सांगून आलं होतं, मंडळी घाईत होती, आणि आण्णांचीही ना नव्हती. माझ्या डोक्यात त्या वर्षीचा नकाशा अगदी सोपा होता. पत्र आलं तर पुणं, नाही आलं तर फलटण. शेडच्या जाळीतून मी पोस्टमनची सायकल बघत असे.

सायकलच्या आधी हेलिकॉप्टर आलं.

आमच्या शेतापासून दोन वावरं सोडून एमआयडीसीसाठी माळ सपाट करून ठेवला होता. कारखाने यायचे होते तेव्हा यायचे होते. तोवर माळ उघडा, ना झाड ना तार. निवडणूक लागली आणि प्रचाराची हेलिकॉप्टरं उतरवायला तालुक्यात याहून चांगली जागा नाही, असं कुणाच्या तरी ध्यानात आलं. मैदान ओलं करायचं, चुन्यानं गोल आखायचा आणि वाऱ्याची दिशा कळावी म्हणून ओल्या गवताचा धूर करायचा, हे काम बबनरावांनी घेतलं. त्यांच्याकडं टँकर होता. कोण कधी उतरणार हे त्यामुळं पहिल्यांदा त्यांना कळायचं, आणि त्या महिनाभरात ते गावात जरा छाती काढूनच चालत.

पहिल्या दिवशी अख्खा गाव माळावर पळाला. मी शेडमध्ये होते. आधी लांब कुठंतरी गोधडी झटकल्यासारखं वाजलं. मग ते जवळ आलं आणि कानात न वाजता छातीत वाजायला लागलं. पत्रे थरथरले, टांगलेली पाण्याची भांडी डुलायला लागली, धुळीचा लोट जाळीतून आत आला आणि शेडचा आवाज एका क्षणात बंद पडला. दोन हजार पक्षी गप्प. त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरले नाही. पांढरी लाट उठावी तशी सगळी शेड उत्तरेच्या कोपऱ्याकडं सरकली. मी धावले. दोन्ही हातांनी पक्षी उपसून मागं फेकत होते, ते उलटून पुन्हा तिथंच येत होते. मी ओरडत होते, पण माझं ओरडणं मलाच ऐकू येत नव्हतं. कोपऱ्यात भिंत, वर तो आवाज आणि मध्ये मी. गावातल्या सगळ्यांनी हेलिकॉप्टर पाहिलं. मी मात्र ते फक्त ऐकलं.

ढिगाखालून मेलेले निघालेले पक्षी आईनं कडुनिंबाखाली खड्डा करून पुरले. ती दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणणारी बाई. पहिलंच शील जीव न मारण्याचं, आणि धंदा हा. यावरून गावात चेष्टा व्हायची. ती म्हणायची, “मी फकस्त वाडवते. म्होरलं मला सांगू नगा.” त्या दिवशी मात्र ती खड्ड्यापाशी बराच वेळ उभी राहिली आणि जेवली नाही.

संध्याकाळी आण्णा बबनरावांकडं गेले. चुन्याचा गोल जरा पलीकडं सरकवता येईल का, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

बबनराव म्हणाले, “आण्णा, तिला वारं बघावं लागतं, उतार बघावा लागतो. ती काय तुमची यष्टी हाय, हात केला की कुठंबी थांबाया?”

एसटीवरून बोललेलं आण्णांना लागायचं. ते घरी आले आणि मेकॅनिक माणूस करील तेच त्यांनी केलं. पुढच्या खेपेला हेलिकॉप्टर आलं तेव्हा ते आमचा टेपरेकॉर्डर घेऊन माळाच्या कडेला उभे राहिले आणि एका कॅसेटवर तो सगळा धडाका भरून आणला. त्यांचं म्हणणं असं की पोरांना जशी लस टोचतात, तसं कोंबड्यांना आवाज टोचायचा. रोज थोडा थोडा. पहिल्या दिवशी बटण एकवर, दुसऱ्या दिवशी दोनवर. बटणाच्या कडेनं त्यांनी पेनानं खुणासुद्धा केल्या.

मग आमच्या घरात रोज सकाळी हेलिकॉप्टर उतरायला लागलं. मी हिरवा ड्रेस घालून तुसात बसलेली, शेजारी स्टुलावर टेप, आणि टेपमधून फटाफटा फटाफटा. मध्येच आण्णांचा खोकला. तोही कॅसेटमध्ये भरला गेला होता. रस्त्यानं जाणारे विचारायचे, “काय वो, आज कोण आलंय तुमच्याकडं?” आठवडाभरात बटण सातवर गेलं आणि कोंबड्या त्या आवाजात खुशाल दाणे टिपायला लागल्या. आण्णा इतके खूश झाले की हे कुणीतरी पेपरात छापायला हवं, असं म्हणू लागले.

खरं हेलिकॉप्टर आलं आणि कोंबड्या पुन्हा कोपऱ्यात गेल्या. कॅसेटमध्ये आवाज होता. वारा नव्हता, धूळ नव्हती, पत्र्याची थरथर नव्हती. आण्णांनी टेप बंद केला, पण माझ्या कानातला बंद झाला नाही. मला आता तो आवाज कुठंही ऐकू यायचा. गिरणीच्या पट्ट्यात, बुलेटमध्ये, आईनं सुपात पाखडलेल्या जोंधळ्यात. दिवसभर मी मान तिरकी करून आभाळाकडं कान लावलेली असायचे. येतंय का? आलं का? ते येण्यापेक्षा त्याची वाट बघणं वाईट होतं. शेडमधून मी दहा पावलंही लांब जाऊ शकत नव्हते, कारण पक्षी कुणाला ओळखत होते? हिरव्या ड्रेसला. त्या महिनाभरात कोंबड्या जाळीच्या आत होत्या आणि मीही आत होते. फरक एवढाच की त्यांच्या सुटकेचा दिवस ठरलेला होता.

उपाय सापडला तो आईला. कोंबडी अंधारात गप्प बसते, हे आम्हाला माहीत होतंच. एकदा सकाळी आठला हेलिकॉप्टर येणार असं बबनरावांनी सांगितलं, तेव्हा आईनं दोन्ही बाजूंचे पोत्यांचे पडदे खाली सोडले आणि वर पाणी मारलं. शेडमध्ये तिन्हीसांजा झाल्या. कोंबड्या जागच्या जागी बसल्या. हेलिकॉप्टर आलं, डोक्यावर थरथरलं, निघून गेलं. एकसुद्धा हलली नाही. आम्ही मायलेकी अंधारात एकमेकींचे हात धरून उभ्या होतो. आई म्हणाली, “आता येऊ दे रोज.”

आठच वाजले होते, वर अजून ऊन तापलेलं नव्हतं, हे त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आणि मग सायकल आली. पत्र आलं. पुण्याला मुलाखतीला या. तारीख बघितली तर टेम्पो यायच्या पाच दिवस आधीची. पक्षी ऐन भरात आलेले, ऊन रणरणतं आणि प्रचाराचा शेवटचा आठवडा. मुलीनं एकटीनं पुण्याला जायची तेव्हा पद्धत नव्हती, आण्णा सोबत येणारच होते. मग शेडमध्ये कोण?

आई म्हणाली, “मी. हिरवं घालून.”

आईनं जन्मात पंजाबी ड्रेस घातला नव्हता. दोन दिवस आधी तालीम झाली. तिनं साडीवरूनच माझा कमीज चढवला, डोक्यावरून ओढणी घेतली आणि माझ्यामागून शेडमध्ये शिरली. कमीज दंडात दाटत होता, खाली साडीचा फुगा. मी गुणगुणायचे तशी ती गुणगुणायला लागली, पण तिला गाणी येत नव्हती, म्हणून तिनं वंदना म्हणायला सुरुवात केली. कोंबड्यांनी माना वर केल्या, बघितलं आणि पुन्हा खाली घातल्या. फसल्या! आम्हाला दोघींना असं हसू फुटलं की तोंडात पदर आणि ओढणी कोंबून बाहेर पळावं लागलं. त्या सगळ्या उन्हाळ्यात आम्ही तेवढंच एकदा हसलो असू.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बबनराव टँकर घेऊन चालले होते. त्यांनी बाहेरूनच हाळी दिली, “वहिनी, उद्या अकराला हाय बरं का. मोठं हाय.” आईनं माझ्याकडं बघितलं नाही. ती म्हणाली, “येऊ दे की. पडदे हायती.” मी थांबते, असं म्हणायला हवं होतं का? ते वाक्य तोंडापर्यंत आलं होतं हे नक्की. पण मी ते गिळलं.

मुलाखत झाली, निवड झाली. त्या दिवशीच सांगितलं त्यांनी. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी पहिल्यांदाच आभाळाकडं कान न लावता तीन तास बसले.

दिवेलागणीला घराच्या वाटेला लागलो. आण्णा मागं पिशवी घेऊन येत होते, मी जवळजवळ पळत होते. कडुनिंबाच्या अलीकडंच माझे पाय थांबले. शेडचा आवाज येत होता, पण अर्धा. अर्धा म्हणजे अर्धाच. भरल्या घरातून लग्नाचं वऱ्हाड निघून गेल्यावर राहतो तेवढा. पाणी कमी नाही, भूक नाही, पक्षीच कमी आहेत, हे मला शेडचं दार दिसायच्या आधी कळलं. मग कडुनिंबाखालची माती दिसली. नवी, रुंद, वर चुना पसरलेला. माळावरच्या गोलाचा तो पांढराशुभ्र चुना.

आई ओट्यावर बसली होती. डोक्यावरून पाणी घेतलेलं, स्वतःची साडी. हिरवा ड्रेस धुऊन तारेवर टाकलेला. तिचा चेहरा लाल होता, ओठ सुकलेले होते, आणि हात ती पदराखाली लपवत होती.

मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, “दुपारच्याला यापाऱ्याचा टेम्पो आला. निम्म्या उचलल्या त्यानं. बाकीच्या सोमवारी. तुझं काय झालं?”

कुठलाही व्यापारी भर दुपारी, मेच्या उन्हात, पक्षी उचलत नाही. पहाटे उचलतो. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मागं येऊन उभे राहिलेल्या आण्णांना माहीत होतं. कडुनिंबाखाली चुना होता. माझ्या कानात अर्धी शेड होती. मी फक्त ‘आई, खरं सांग’ एवढं म्हणायचा अवकाश, सगळं बाहेर आलं असतं. आणि ते बाहेर आलं असतं तर मी गेले नसते. जाऊच शकले नसते.

मी म्हणाले, “बरं झालं. माझी निवड झाली.”

आई रडली. आनंदानं रडली असं आम्ही तिघांनीही मानलं. आण्णा शेडकडं गेले, दाराशी थांबले, आणि आत न जाताच हातपाय धुवायला गेले. जूनमध्ये मी पुण्याला गेले. पुढं नोकरी, लग्न, मुलं. शेडमध्ये नंतर बॅच भरली नाही. तिथं आधी शेळ्या आल्या, मग कडबा, मग नुसतीच अडगळ. मी सुट्टीत आले की त्या बाजूला जायचे नाही. आई घराच्या सगळ्या खिडक्या बारा महिने उघड्या ठेवायला लागली. थंडीत पोरं कुडकुडायची, तरी ती लावू द्यायची नाही.

इतकी वर्षं मी असंच धरून चालले होते की त्या दिवशी हेलिकॉप्टर खूप खालून आलं असणार, पडद्यांनी भागलं नसणार. आण्णा गेले तेव्हा बबनराव समाचाराला आले होते. चहाची बशी हातात तशीच धरून ते म्हणाले, “सुनंदा, एक गोष्ट तुला कदी सांगितली न्हाय. वहिनींनी सांगू दिली न्हाय. त्या दिवशी ते आलंच न्हाय.”

अकराला येणार होतं. आईनं साडेदहाला पडदे पाडले. अकरा वाजले. साडेअकरा. पडदे वर करावेत तर नेमकं तेव्हाच येईल. बारा. ती हिरवा कमीज घालून अंधारात कोंबड्यांमधून फिरत होती, वंदना म्हणत होती, वर कान लावत होती. पत्रा तापत होता. पडद्यांवर मारायचं पाणी संपलं. ते आणायला बाहेर जावं तर दार उघडावं लागेल, उजेड आत येईल. मग साडेबारा. आता येईल, आता येईल. माळावर टँकरवाले बबनरावही तशीच वाट बघत होते. एक वाजता त्यांना निरोप मिळाला की दौरा रद्द, आणि ते शेडकडं सांगायला आले. त्यांनी हाका मारल्या, आतून उत्तर नाही. त्यांनी पडदे फाडून काढले. निम्म्या कोंबड्या पाय ताणून पडल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये आई, शुद्ध हरपलेली.

“तोंडावर पाणी मारलं. डोळं उघडल्यावर पयलं काय म्हनली, म्हाईत हाय? ‘सुनीला सांगू नगा, ती जायाची न्हाय.’ मग आमी दोगांनीच खड्डा केला. चुना माझ्याकडं हुताच.”

मी इतके दिवस त्या आवाजाला शिव्या घातल्या होत्या. आणि माझ्या आईला त्या दिवशी आवाजानं काहीच केलं नव्हतं. तिला आत कोंडलं ते न आलेल्या आवाजानं. वाट बघणं मीच तिला शिकवलं होतं, मान तिरकी करून, महिनाभर, रोज.

बबनरावांनी सांगितलं त्यालाही बरीच वर्षं झाली. तरी आईपाशी मी विषय काढला नाही. आधी संसार आडवा आला, मग तिचे कान गेले. मी तिला चांगलं मशीन आणून दिलं आहे, ते ती सुपारीच्या डबीत ठेवते. म्हणते, “लय कलकल करतंय.”

त्या सकाळी बबनरावांच्या सुनेनं ड्रोन पुन्हा वर घेतला आणि मी घराकडं परतले. आईच्या सांगण्यावरून खिडक्या उघडल्या, दार उघडलं आणि ओट्यावर तिच्याशेजारी बसले. तिला काही ऐकू येत नव्हतं, पण उसाचे शेंडे वाऱ्यानं दबताना दिसत होते, आणि ती त्यांच्याकडं एकटक बघत होती. मग तिनं मान न वळवता विचारलं,

“त्या दिशी पुण्यास्नं आलीस, तवा तुला कळलं हुतं न्हवं?”

मला कुठला दिवस, असं विचारावं लागलं नाही. मी म्हणाले, “हो.” तिला ऐकू आलं नाही. तिनं हात कानामागं धरला. मी पुन्हा म्हणाले, “हो, कळलं होतं.” ड्रोन नेमका बांधाकडं वळला होता आणि तिनं नकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं कुजबुजतही जे बोलले नव्हते, ते मला अखेर बांधावरच्या पोरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडावं लागलं.

“कळलं होतं, आई! चुना बघायच्या आधीच कळलं होतं! कळून गेले मी!”

ओरडता ओरडता मला रडू फुटलं. पन्नाशीला आलेली बाई, भर सकाळी, ओट्यावर. आईनं माझ्या हातावर हात ठेवला.

“आगं वरडतीस कशापायी? मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “कडुनिंबापशी थांबलीस, तवाच म्या वळकलं. जीव मुठीत धरून बसले हुते. म्हनलं, आता ही बोलती का काय. बोलली असतीस तर मी कुणासाठी बसले असते गं त्या अंधारात?”

ड्रोन उसाच्या त्या टोकाला गेला आणि वळून पुन्हा आमच्याकडं यायला लागला. आवाज वाढत होता. मी सवयीनं उठून खिडकीकडं निघाले, तर आईनं हात सोडला नाही. मग मी तिथंच बसून राहिले.